सातव्या क्रमांकाचा अस्थिकलश

१

दार उघडलं तेव्हा आत अकरा अस्थिकलश होते.

आदल्या दिवशी दुपारी चार वाजता ते बारा होते. मी मोजले होते. तैपेईहून आलेल्या फांगबाईंनी मोजले होते. समुद्रापलीकडून आलेल्या लियाओसाहेबांनी तर बोट लावून दोनदा मोजले होते. मग दाराला कुलूप घातलं आणि दाराच्या फटीवर दोन कागदी पट्ट्या आडव्या चिकटवल्या, एक आमची, एक त्यांची. सकाळी सातला दोन्ही पट्ट्या जागच्या जागी होत्या. कुलूप धड होतं. खोलीला खिडकी नाहीच. पिवळ्या फडक्यात बांधलेले कलश ओळीनं बसले होते आणि सहा आणि आठच्या मध्ये दात पडल्यासारखी फट होती.

"सात नंबर," फांगबाई म्हणाल्या. "कोण हा?"

मी यादी पाहिली. "जिन शोउयी. निवृत्त सैनिक. वय त्रेसष्ट. गेल्या हिवाळ्यात वारला."

तारीख होती दहाव्या महिन्याची चोवीस. साल मला विचारू नका. आमच्याकडे सालं मोजायची एक रीत, पलीकडे दुसरी. कागदावर कुणाचं साल घालायचं यावर पाच महिने पत्रापत्री झाली आणि शेवटी साल घालायचंच नाही असं ठरलं. झेंड्याचंही तेच, देशाच्या नावाचंही तेच. यादवी संपून चाळीस-पंचेचाळीस वर्षं झाली, तरी दोन्ही सरकारं एकमेकांना सरकार म्हणायला तयार नव्हती. म्हणून बोलणी करायला दोन खासगी मंडळं. इकडचं मंडळ आणि तिकडचं मंडळ. त्यांनी दोन वर्षं घासाघीस करून एवढं एकच काम पदरात पाडून घेतलं होतं: यादवीत इकडे तैवानला आलेले आणि परत जाऊ न शकलेले बारा सैनिक, मेल्यावर तरी, आमच्या किनमेन बेटावरून समोरच्या मुख्यभूमीवरच्या श्यामेनला पाठवायचे. जमलं तर पुढे आणखी. यादीवर मागे तीन हजार नावं होती.

लियाओसाहेबांनी चष्मा पुसला. "बोट बाराला सुटते. यादीवर बारा नावं आहेत. अकरा कलश घेऊन मी बारांची सही करणार नाही. आणि यादी बदलायची, तर मला वर विचारावं लागेल."

"किती दिवस लागतील?"

"मागच्या वेळी यादीच्या नुसत्या मथळ्याला चार महिने लागले."

फांगबाईंनी डोळे मिटले. पन्नाशीची बाई, पण त्या सकाळी माझ्याहून म्हातारी दिसली. पोलीस बोलावता येत नव्हते. कलश ठेवले होते त्या सभागृहापासून दोनशे पावलांत गणवेश दिसता कामा नये हे आम्हीच लिहून दिलं होतं.

"लाओ चुआंग," त्या मला म्हणाल्या, "तुम्ही टपाल तपासणीत होता ना?"

"तीस वर्षं."

"मग शोधा. पाच तास आहेत."

लाओ म्हणजे म्हातारा. आमच्याकडे ते मानानंही म्हणतात आणि दुसरं कोणी सापडत नाही म्हणूनही.

२

माझं नाव चुआंग कायलू. बेटावर लष्कराचं राज्य होतं तेव्हा मी सैनिकांची पत्रं उघडून वाचायचो. वाफेवर लखोटा उघडायचा, वाचायचा, नको ते खोडायचं, पुन्हा चिकटवायचा. तीस वर्षं लोकांच्या आयांना लिहिलेली पत्रं वाचली. या कामाचा मला अभिमान नाही, पण कागद आणि खळ यांतलं मला कळतं. आता मी सभागृहाचा चिटणीस होतो, म्हणजे चहा, सतरंज्या आणि किल्ल्या.

मी आधी आमची पट्टी पाहिली. जाड बांबूचा कागद. कडा किंचित फुगलेल्या, लाटेसारख्या. ओल्या फडक्यानं भिजवून कोणीतरी ती सावकाश सोडवली होती आणि पुन्हा बसवली होती. जाड कागदाला हे सोसतं.

त्यांची पट्टी पातळ कागदाची. ती भिजवली तर हातात लगदा येतो. ती मात्र सपाट होती, कोरी करकरीत. म्हणजे जुनी फाडली होती आणि नवी लावली होती. शिक्का तोच, लाल, खरा. मी अक्षरांकडे पाहिलं आणि पुन्हा पाहिलं.

पलीकडे तीस-पस्तीस वर्षांपूर्वी अक्षरं छाटली. जिथे वीस फटकारे होते तिथे सहा ठेवले. आमच्याकडे अजून जुनीच भरगच्च अक्षरं. काल मी स्वतः खळ लावली तेव्हा त्यांच्या पट्टीवर छाटलेली अक्षरं होती. आज त्यांच्या पट्टीवर, त्यांच्या शिक्क्याखाली, जुनी अक्षरं होती.

लियाओसाहेबांनी माझ्या खांद्यावरून वाकून पाहिलं. त्यांचे कान लाल झाले.

"हे आमच्या माणसाचं नाही. आमच्या पट्ट्या आमचे के बोछिंग कुंचल्यानं लिहितात. मी पंधरा वर्षं त्यांचं अक्षर पाहतोय."

के बोछिंग त्यांच्या मंडळाचे दप्तरदार. साठीचे, किडकिडीत, सदऱ्याच्या खिशात नेहमी दोन पेनं. ते दाराशी उभे होते. त्यांनी पट्टीकडे पाहिलं आणि मान हलवली. होय की नाही, ते कळलं नाही.

"शिक्का तुमच्याकडेच असतो ना?" फांगबाईंनी विचारलं.

"माझ्या कातडी पिशवीत. आणि पिशवी काल जेवताना माझ्या खुर्चीखाली होती, तुमच्या वीस माणसांच्या पायांशी," लियाओसाहेब म्हणाले. "बाई, मी स्पष्ट बोलतो. ही पट्टी तुमच्यापैकी कोणीतरी लिहिली आहे. हे वर कळलं, तर नुसता आजचा दिवस जाणार नाही. पुढची तीन हजार नावं जातील."

मी टेबलावरच्या पावत्यांचा गठ्ठा उचलला. काल कलश तपासताना के यांनीच कुंचल्यानं एकेक पावती लिहिली होती. प्रत्येक फडक्याच्या गाठीत घडी घातलेली एक चिठ्ठी होती. तिच्यात मेलेल्याचं घरचं नाव आणि गाव. कारण सैन्यात पुष्कळांनी नावं बदलली होती आणि यादीवर सैन्यातलीच नावं होती. के चिठ्ठी उघडायचे, वाचायचे, घडी घालून परत ठेवायचे, पावतीवर फक्त क्रमांक लिहायचे. बाकी आम्ही सगळे मोजण्यात दंग होतो.

बारा पावत्या. अकरांवरचा हात छापल्यासारखा. सातवीवर शाईचा मोठा डाग होता.

३

या कुलपाची किल्ली होती फांगबाईंबरोबर तैपेईहून आलेल्या जियान चिहाओकडे. तिशीतला, इस्त्रीच्या कपड्यांतला. हा सगळा प्रकारच अपमानास्पद आहे असं तो दोन दिवस चहाच्या टेबलावर सगळ्यांना ऐकवत होता.

"माझ्यावर संशय आहे ना, काका? बोला की सरळ."

"किल्ली कुठे होती?"

"कोटात. कोट खुर्चीला. मी पेले घेऊन टेबलाटेबलाला फिरत होतो. साडेपाच ते आठ. तुमच्या या ज्वारीच्या दारूनं माझं आतडं जळलं."

"कोट किती वेळ एकटा होता?"

"कायमच." मग तो जरा नरमला. "हे बघा, मला ही बोलणी मोडलेली आवडली असती, खोटं कशाला बोलू? पण मेलेल्या माणसाला उचलून? माझे आजोबा पलीकडचे, शानतुंगचे. ते असेच गेले, दाराकडे तोंड करून."

"कुंचल्यानं लिहिता येतं?"

तो हसला. "शाळेत गुरुजींनी माझ्या वहीवर लिहिलं होतं, कोंबडी नाचली. तेव्हापासून हात लावला नाही."

"जेवताना कोण कोण उठलं होतं?"

"लाओ लू, विडी ओढायला, चारदा. तो त्यांचा दप्तरदार, कालवांचं धिरडं बाधलं म्हणून, तो बराच वेळ. आणि तुम्ही, काका. दोनदा."

खरं होतं. मी सतरंज्या मोजायला उठलो होतो.

लाओ लू मला पाहुणे उतरले होते त्या विश्रामगृहाच्या मागल्या पायरीवर सापडला. वय शहात्तर. आमच्या बाजूचा जुना सैनिक, बारा कलशांबरोबर सोबत म्हणून तैवानहून आलेला आणि आज बोटीनं पलीकडेही जाणारा. कलश नेमका सापडत नव्हता आणि हा ऊन खात बसला होता. मांडीशी ज्वारीच्या दारूची भरलेली बाटली, सील न फोडलेली.

"सकाळी सकाळी, लाओ लू?"

"देवानं दिली. न्हाणीघरामागे दोन बाटल्या पडलेल्या होत्या. कोऱ्या! एक तू घे आणि गप्प बस."

"कोणी टाकल्या?"

"दारू टाकणारा माणूस मी आयुष्यात पाहिला नाही. असला तर वेडा असेल." मग त्याचं तोंड पडलं. "जिन सापडला का?"

"तुझा मित्र होता?"

"एका खोलीत तेवीस वर्षं. तो घोरायचा." त्यानं बाटलीचं सील अंगठ्यानं चाचपलं. "तुला सांगतो, तुमच्या यादीत नाही ते. जिन आमच्याकडचा नव्हताच. तो तिकडचा शिपाई. एकोणपन्नास साली याच बेटावर हल्ला करायला आला, होडी फुटली, पकडला गेला. आमच्या लोकांनी त्याच्या अंगावर आमचा गणवेश चढवला आणि म्हणाले, आजपासून तू इकडचा. वीस वर्षांचं पोरगं. काय करणार?"

"आणि त्याच्या घरी?"

"घरी काय! होडीतला एकही परतला नाही, म्हणून सगळे मेले असं धरलं. हुतात्मा! गावात दगड उभा केला, त्यावर नाव. दारावर पाटी लावली, हुतात्म्याचं घर." लाओ लूनं बाटली एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर घेतली. "चार वर्षांपूर्वी तिकडे जायला परवानगी मिळाली, तेव्हा हा गेला. आठवड्यात परत. म्हटलं, काय रे, आई भेटली? म्हणाला, वेशीवरच दगड होता. माझं नाव वाचलं. पुढे घरी गेलोच नाही."

"मग कलश पाठवायचं त्यानं सांगितलं होतं?"

"छे. माझंच डोकं. जिवंतपणी लाजला, आता मेल्यावर कुणाची लाज? नाव घातलं यादीत. देवळासमोरच्या लेखनिकाकडून चिठ्ठी लिहवून घेतली, मला कुठे येतं लिहायला. घरचं नाव यान बोतिंग, गाव नानपू. आई आहे अजून. एक धाकटा भाऊ होता, त्याला मामानं दत्तक नेलं तेव्हा हा तीन दिवस जेवला नव्हता म्हणे. झोपेत त्याच्याशी भांडायचा."

मी उठलो. माझे गुडघे कधी नव्हे ते वाजले नाहीत. साडेनऊ झाले होते.

४

सभागृहात परत येऊन मी एकटाच पावत्या आणि पट्टी घेऊन बसलो.

ज्यानं ही पट्टी लिहिली त्याला कुंचला चालवता येत होता आणि जुनी अक्षरं येत होती. लाओ लू निरक्षर. जियानची कोंबडी नाचते, आणि तो अडीच तास सगळ्यांच्या डोळ्यांसमोर पेले उंचावत होता. फांगबाई लियाओसाहेबांच्या शेजारून हलल्या नव्हत्या, लियाओसाहेब फांगबाईंच्या. शिवाय लियाओसाहेब पंचेचाळिशीचे. ते शाळेत गेले तेव्हा अक्षरं छाटली जात होती. त्यांना जुनी वाचता येतील, कुंचल्यानं लिहिता येणार नाहीत.

उठलेल्यांत, लिहू शकणारे उरले दोघंच. एक मी.

दुसऱ्याचं अक्षर लियाओसाहेब पंधरा वर्षं ओळखत होते आणि हे ते नाही असं शपथेवर सांगत होते. पण ते त्याचं कचेरीतलं अक्षर ओळखत होते. मी पट्टी आणि पावती शेजारी ठेवली. अक्षरं वेगळी, अगदी वेगळी. पण आडवी रेघ संपताना कुंचला उचलायची लकब एकच होती. जरा थांबून, वर. सैनिक सांकेतिक नावानं पत्रं लिहायचे तेव्हा मी त्यांना असाच पकडायचो. माणूस नाव बदलतो, अक्षर बदलतो. हात कुठे थांबतो हे त्याला स्वतःला माहीत नसतं.

के साठीचे होते. म्हणजे अक्षरं छाटली तेव्हा विशीच्या पुढे. शाळा जुन्या अक्षरांत झालेली.

आणि नाव. यान बोतिंग. के बोछिंग. आमच्याकडे सख्ख्या भावांच्या नावात एक अक्षर सारखं ठेवतात. आडनाव दत्तक गेलं की बदलतं. नावातलं ते अक्षर तसंच राहतं.

म्हणजे काल चार वाजता, सगळ्यांच्या देखत, त्यानं सातवी चिठ्ठी उघडली होती आणि तिच्यात त्रेचाळीस-चव्वेचाळीस वर्षांपूर्वी मेलेला भाऊ होता.

कलश कुठे असेल ते मला आता लाओ लूच्या बाटल्यांनी सांगितलं. पाहुण्यांना आम्ही निरोपाची भेट म्हणून लाकडी पेट्या दिल्या होत्या. प्रत्येक पेटीत भुश्शात बसवलेल्या दोन गलेलठ्ठ बाटल्या. दोन बाटल्या काढल्या, तर तेवढ्या जागेत काय मावेल?

मी के यांच्या खोलीचं दार वाजवलं. ते पेटीवर बसले होते.

५

"त्याला न्यायला आलात?" त्यांनी विचारलं.

"बसायला आलोय. पायऱ्या चढून दम लागला."

ते हसले नाहीत. उठून त्यांनी मला पेला भरून गरम पाणी दिलं आणि पुन्हा पेटीवर जाऊन बसले. हलकेच, कोणी झोपलेलं असावं तसे.

"पट्टीवर जुनी अक्षरं मुद्दाम लिहिलीत? आळ आमच्यावर यावा म्हणून?"

"जुनी?" त्यांनी खरंच दचकून पाहिलं. "सकाळी पाहिली तेव्हाच कळलं मला. लिहिताना... हात लिहीत गेला. मला पहिली अक्षरं त्यानं शिकवली होती. मातीत, काडीनं."

मी पाण्याचा घोट घेतला. तीस वर्षांच्या नोकरीत मी एवढं शिकलो होतो, की पत्र मध्येच बंद करू नये.

"आई चौऱ्याऐंशीची आहे," ते म्हणाले. "डोळे गेलेत. मामांनंतर मीच तिच्याकडे परत येऊन राहिलो. ती रोज सकाळी दारावरची पाटी पुसते. हुतात्म्याचं घर. त्या पाटीवर मला शाळा मिळाली, कचेरी मिळाली. वाईट वर्षांत शेजारच्यांची घरं फोडली, आमच्या दाराला कोणी हात लावला नाही. तिनं त्याच्यासाठी एकदा रडून घेतलंय, चुआंगसाहेब. आता जाऊन तिला सांगू? आई, तो मेला नव्हता. चाळीसहून जास्त वर्षं होता, समोरच, पाण्यापलीकडे. आता मेला. पुन्हा रड."

"चिठ्ठी तेवढी काढून घ्यायची होतीत. कलश कशाला?"

"तुमचे लाओ लू बोटीवर येणार. श्यामेनला उतरल्यावर बारा नावं मोठ्यानं वाचली जाणार. चिठ्ठी नाही म्हटल्यावर तेच छाती काढून सांगणार, यान बोतिंग, नानपू." त्यांनी पेटीवर हात ठेवला. "मी त्याला टाकणार नव्हतो. घरीच नेत होतो. फक्त नावाशिवाय."

"आणि उरलेले अकरा?"

त्यांनी मान खाली घातली. "काल त्यांचा विचार मनात आला नाही. रात्रभर आला."

खाली कोणीतरी खुर्च्या उचलत होतं. मी लाओ लूनं सांगितलेलं सगळं त्यांना सांगितलं. पकडलं जाणं, गणवेश, चार वर्षांपूर्वीची फेरी, वेशीवरचा दगड. ते ऐकताना त्यांनी पेटीच्या दोरीची गाठ सोडली आणि पुन्हा बांधली, सोडली आणि पुन्हा बांधली.

"गावापर्यंत आला होता?"

"वेशीपर्यंत."

"मी त्या दिवशी कुठे असेन..." ते म्हणाले.

सव्वादहा झाले होते. मी उठलो.

"यादीवर नाव आहे जिन शोउयी. ते तुमच्या गावात कोणाला माहीत नाही. चिठ्ठी हरवली, पत्ता अज्ञात. पत्ता नसलेला कलश तिकडे कोणाच्या ताब्यात जातो?"

त्यांनी दोरी हातातून सोडली. "दप्तरदाराच्या."

"मग पेटी द्या. लाओ लूचं मी बघतो."

"आणि पट्टी? लियाओसाहेब पट्टी सोडणार नाहीत. ती कोणीतरी लिहिली आहेच ना."

"हो," मी म्हणालो. "लिहू शकणारे दोघंच आहेत. मी मोजलंय."

लाओ लूनं आधी मला शिव्या घातल्या. मग के यांना घातल्या, मग जिनला, आणि शेवटी दोन्ही सरकारांना, नावं घेऊन, झेंड्यांसकट. मग म्हणाला, "तो चाळीस वर्षं गप्प बसला. मी दोन दिवस बसेन. पण बोटीवर त्याचा कलश मीच धरणार."

साडेअकराला मी सातवा कलश ओळीत ठेवला आणि फांगबाई आणि लियाओसाहेबांना बोलावलं. म्हणालो, काल संध्याकाळी मला शंका आली, की सातव्याचं फडकं ओलं आहे, आत चीर गेली असेल. जियानच्या कोटातून किल्ली घेतली, कलश मागच्या खोलीत नेऊन सुकवला. तुमची पट्टी फाटली. घाबरलो. पिशवीतून शिक्का घेतला आणि नवी पट्टी लिहिली. चिठ्ठी भिजून गेली. सकाळी बोलायची हिंमत झाली नाही.

जियान आ वासून बघत राहिला. के भिंतीला टेकून उभे होते.

लियाओसाहेबांनी पट्टी हातात घेतली, उजेडाकडे धरली. मग टेबलावरची सातवी पावती उचलली, डाग पाहिला, आणि के यांच्याकडे न बघता ती गठ्ठ्यात सगळ्यात खाली सरकवली.

"वय झालं की माणूस घाबरतो," ते म्हणाले. "कलश बारा आहेत. सही कुठे करायची?"

फांगबाईंनी सही केली. मग मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "लाओ चुआंग, ओल्या फडक्याची गोष्ट तुम्हाला याहून बरी रचता आली असती."

"वेळ नव्हता, बाई."

"तुमचा राजीनामा मला लागेल. आजच्या तारखेचा."

"साल घालू की नको?"

त्यांना हसू आलं, पण ते पुरतं ओठांवर येईपर्यंत थकवा आडवा आला. बोट बाराला सात मिनिटं कमी असताना सुटली. लाओ लू टपावर बसला होता, मांडीवर पिवळं गाठोडं.

६

पुढच्या वसंतात के यांचं पत्र आलं. लखोटा कोणीतरी उघडून पुन्हा चिकटवला होता, बऱ्यापैकी सफाईनं. लाओ लू तेव्हा तैवानमधल्या काओश्युंगच्या सैनिक निवासात होता. पत्र त्याच्यासमोरच वाचायला हवं, म्हणून मी विमानानं गेलो. त्याच्या खोलीत दोन खाटा होत्या. दुसरीवर कोणी नव्हतं. मी तिच्यावर बसून वाचलं.

"चुआंगसाहेब, तीन महिन्यांनी कागद पुरे झाले आणि कलश मी नानपूला नेला. आईला म्हटलं, पलीकडून आलेला एक बेवारस सैनिक आहे, आपल्या डोंगरावर त्याला जागा देऊ. कलश तिच्या मांडीवर ठेवला. तिनं फडक्यावरून हात फिरवला. मग म्हणाली, चार वर्षांपूर्वी वसंतात एक माणूस दारात पाणी मागायला आला होता, तू कचेरीत होतास. मी विचारलं, बाबा, कुठला तू? म्हणाला, वाट चुकलो. दोन वाट्या पाणी प्यायला. वाटी परत देताना दोन्ही हातांनी दिली आणि जराशी फिरवून दिली, काठाचा टवका उडालेली बाजू माझ्याकडे येऊ नये म्हणून. ही खोड आपल्या घरात थोरल्या एकट्यालाच होती. त्याला वाटलं, आंधळ्या म्हातारीला काय कळतंय.

मी म्हटलं, आई, मग तू हाक का नाही मारलीस? ती म्हणाली, दारावर पाटी होती. तो आत यायच्या आधी पाटीसमोर खूप वेळ उभा होता, मला ऐकू येत होतं. सगळं समजूनच तो वाट चुकलो म्हणाला. तो नाही बोलला, मग मी कशी बोलू? तुझं बिऱ्हाड उठलं असतं.

डोंगरावर त्याला जागा दिली आहे. दगडावर नाव घातलेलं नाही. आई रोज विचारते, तिकडे घोरायचा का अजून? मला सांगता येत नाही. लाओ लू यांना विचारून कळवावं."

मी पत्र खाली ठेवलं. लाओ लू भिंतीकडे पाहत होता.

"मला म्हणाला होता, घरी गेलोच नाही," तो म्हणाला. "तेवीस वर्षं एका खोलीत. आणि मला म्हणाला गेलोच नाही."

"काय लिहू त्यांना?"

"लिही, घोरायचा. लिही, भिंत हलायची." त्यानं नाक पुसलं. मग विचारलं, "पाणी गरम दिलं की गार, लिहिलंय?"

मी पुन्हा पत्र पाहिलं. लिहिलं नव्हतं.

"गरमच दिलं असेल," लाओ लू म्हणाला. "वसंतात तिकडे गारठा असतो."